मौनाच्या दिवशीचं औषध

"मुलगी विसरेल. मुलं विसरणारच. तुम्ही विसरायचं नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना. चार वेळा. आणि हे आता आयुष्यभर."

म्हातारे डॉक्टर प्रत्येक वाक्यानंतर थांबत. त्यांना दम लागायचा. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं होतं, "आयुष्यभर म्हणजे कुणाच्या? माझ्या की तिच्या?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आधी तुमच्या," म्हणाले. "मग तिच्या."

ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज मात्र माझ्या कानात अजून तसाच आहे, थांबत थांबत बोलणारा. या महिन्यात तर तो दिवसातून चार वेळा ऐकू येतो.

मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन आहे, भिंतीला मापांची वही टांगलेली आहे, आणि मशीनच्या उजव्या हाताला टाचण्यांची पत्र्याची ताटली. आमची मुलगी रांगायची तेव्हा त्या ताटलीकडेच धाव घ्यायची. म्हणून तिच्या बाबांनी तिचं नाव टाचणी ठेवलं. नाव लहानपणीच चिकटलं आणि पुढे तीही नावासारखीच राहिली, बारीक आणि टोकदार.

ती चार वर्षांची झाली तेव्हा मी आदल्या वर्षी शिवलेला पिवळा फ्रॉक तिला घालून पाहिला. अगदी नीट बसला. मला किती आनंद झाला होता! दरवर्षी फ्रॉकांची दुमड उसवून वाढवणाऱ्या बाईला, एक फ्रॉक दोन वर्षं पुरतो याचा आनंद होणारच. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "बघा, कापड वाचलं." सगळ्या गावाची मापं घेणारी मी, माझ्याच पोरीचं माप वर्षभर हललं नाही हे मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी खूश झाले होते.

पाचव्या वर्षी एका सकाळी ती उठलीच नाही. डोळे उघडे, तोंडाने बोलत होती, पण पाय उचलता येईनात. "आई, माझे पाय झोपलेत," म्हणाली. ह्यांनी तिला तशीच खांद्यावर घेतली आणि दवाखान्यात पळाले. मी मागून अनवाणी.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. अंगात रोज आम्ल तयार होतं. ते लघवीवाटे बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. आपल्या टाचणीची मूत्रपिंडं जन्मापासूनच ते काम नीट करत नाहीत. आम्ल रक्तात साठतं. मग शरीर काय करतं? हाडांमधला चुना काढतं आणि त्या आम्लावर घालतं. हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, उंची थांबते. आणि तो चुना वाहत जाऊन मूत्रपिंडातच साचतो, खडे होतात. "भिंतीचा गिलावा सुटून मोरीत साचावा, तसं," ते म्हणाले. "भिंतही जाते आणि मोरीही तुंबते." आणि त्या गडबडीत अंगातलं पोटॅशियम निघून जातं, म्हणून पाय उठले नाहीत.

"मग बरी होईल ना?" ह्यांनी विचारलं.

"बरी होणं असं यात नाही. पण सांभाळली तर चांगली जगेल." त्यांनी एका खारट औषधाची बाटली पुढे केली. अर्धा पेला पाण्यात दोन चमचे. ते आम्ल मारतं. नेमाने घेतलं तर पाय सरळ होतील, राहिलेली उंची थोडीफार भरून येईल, मूत्रपिंडं पुष्कळ वर्षं चालतील. "कानांचं मात्र माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "या आजाराच्या काही मुलांची श्रवणशक्ती हळूहळू जाते. औषध घेऊनही जाते. मनाची तयारी ठेवा."

घरी आल्यावर मी देवाजवळ दिवा लावला आणि व्रत घेतलं. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना तर लग्नाआधीपासून होतीच. आता आठवड्यातला एक दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मौन, आणि त्या दिवशी मीठ नाही. मौन म्हणजे मौन. खाणाखुणासुद्धा नाहीत, कारण खुणा करणं म्हणजे हातांनी बोलणंच, असं मला वाटायचं. मी देवाला म्हटलं, माझी टाचणी ताठ उभी राहू दे.

ती राहिली. तीन वर्षांत तिचे पाय पुष्कळ सरळ झाले. वहीत तिच्या मापांचे आकडे वर चढायला लागले. मी प्रत्येक आकडा देवासमोर वाचून दाखवायची.

ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. टाचणी नऊ वर्षांची झाली तेव्हा ह्यांनी दोन जुन्या घड्याळांची यंत्रं एका लाकडी पेटीत बसवली आणि दिवसातून चार वेळा वाजणारा गजर तयार केला. आवाज असा, की शेजारच्या घरातलं मांजर पळायचं. "आता आईने मागे लागायला नको," हे टाचणीला म्हणाले. "गजर झाला की तू आपली आपण औषध घ्यायचंस. मोठी झालीस आता."

"मोठी कुठे? टाचणीच आहे अजून," ती म्हणाली. उंचीवरून कुणी चिडवायच्या आत स्वतःच चिडवून मोकळं व्हायची तिची सवय तेव्हापासूनची.

त्या पेटीच्या माथ्यावर ह्यांनी एक पितळी बटण बसवलं. दाबलं की दिवसभर गजर बंद, दुसऱ्या दिवशी बटण वर ओढायचं की पुन्हा सुरू. ते बटण माझ्यासाठी होतं. मीच मागितलं होतं. मौनाच्या दिवशी घरात तो कर्कश आवाज मला सोसवेना. मनातला जप मोडायचा.

तोवर मौनाच्या दिवशीही मी टाचणीला स्वतःच्या हाताने पेला द्यायची, न बोलता. गजर आला तसा माझा हात सुटला. सहा दिवस घड्याळ वाजायचं, आणि तरीही मी विचारायचीच, "घेतलंस का गं?" सातव्या दिवशी सकाळी मी बटण दाबायची, मशीनवर कापड घालायची आणि मान खाली करून बसायची. संध्याकाळी दिवा लावून तोंड उघडलं की दिवसभराचं सगळं एकदम बोलायची. औषधाचं त्या दिवशी कधी विचारलं नाही. लक्षातच आलं नाही. बाटली तर वेळेवर संपत होती.

पंधराव्या वर्षापर्यंत तिचे कान बरेच गेले. कानात यंत्रं आली, पण ती ओठ बघूनच जास्त समजून घ्यायची. शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या, ते तिचं बुडायचं. शाळा संपल्यावर ती एका छापखान्याच्या बांधणी विभागात लागली. तिथे कागद कापायचं यंत्र दिवसभर धडधडतं. बाकीचे कानात कापूस घालतात. "मला देवाने आतूनच घालून दिलाय," असं सांगून तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना हसवलं. छापलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, घडीला लावायचे, हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, सुईदोऱ्याने एकेक फर्मा शिवून पुस्तक उभं करायचं. घरात दोन शिवणाऱ्या झालो, मी माणसांचे कपडे शिवते, ती पुस्तकं. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ. तिथल्या मुकादमांनी तिच्यासाठी खास उंच स्टूल करवून घेतलं. ते म्हणतात, "आमच्याकडे सगळ्यात बुटकं माणूस सगळ्यात उंच जागेवर बसतं."

दुपारचं औषध ती छोट्या बाटलीत घालून घेऊन जायची. संध्याकाळी मी दारातच ओठ हलवून विचारायची, "घेतलंस?" ती मान हलवायची.

गेल्या महिन्यात ती कामावरून वाकून घरी आली. एक हात कमरेवर, चेहरा पांढराफटक. खडा उतरत होता. यापूर्वीही दोनदा असं झालं होतं, पण या वेळी लघवी लाल झाली आणि ताप चढला. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. चार दिवसांत खडा निघाला, ताप उतरला. पाचव्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. वयाने टाचणीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. खिडकीत त्यांचा डबा अर्धवट खाल्लेला तसाच पडला होता.

"मावशी, बसा," त्या म्हणाल्या. "दोन्ही मूत्रपिंडांत चुना बराच साचलाय. दोन्ही मिळून शंभरातलं अडतीस टक्के काम होतंय."

मी माप घेणारी बाई. आकडा ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर फीत येते. शंभर इंचांच्या फितीवर अडतीसपाशी बोट ठेवलं आणि पुढची लोंबणारी फीत बघत राहिले.

"औषध चुकतं का कधी?"

"एकदाही नाही," मी म्हटलं. "एकवीस वर्षांत एकदाही नाही. तुम्ही बाटल्या मोजा. देवाशपथ सांगते."

"रागावू नका. जुने रिपोर्ट बघतेय. कधी चांगले, कधी एकदम बिघडलेले. नेमाने घेणाऱ्याचे असे खालीवर होत नाहीत सहसा."

"माझी मुलगी खोटं बोलत नाही," मी म्हटलं. माझा आवाज कधी चढत नाही, पण त्या वेळी चढला असावा, कारण दाराबाहेरच्या नर्सने आत डोकावून पाहिलं.

मी वॉर्डात परत आले. भेटीची दुपारची वेळ होती. प्रत्येक खाटेभोवती माणसं, पिशव्या, संत्र्यांची सालं. टाचणी उशीला टेकून बसली होती. यंत्रांच्या बॅटऱ्या संपल्या होत्या, ती उशाशी काढून ठेवलेली. मी तिच्या समोर बसले आणि सावकाश ओठ हलवून डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. अडतीस हा आकडा बोटांनी दाखवला. मग म्हटलं, "मी देवाची शपथ घेऊन सांगितलं त्यांना, आमचं एकदाही चुकलेलं नाही म्हणून."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी बोलायची थांबले तरी बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "तू शपथ घेतलीस?"

मी मान हलवली.

"का घेतलीस गं?" तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. तो खूप मोठा होता. दोन खाटा पलीकडचा माणूस वळून पाहू लागला. "मी मौनाच्या दिवशी औषध घेत नाही. कधीच नाही. नऊ वर्षांची असल्यापासून."

मी तिच्या तोंडावर हात ठेवायला गेले, तिने तो बाजूला केला. तिला वाटलं मला समजलं नाही. म्हणून आणखी मोठ्याने, शब्द तोडून तोडून म्हणाली, "मौनाच्या दिवशी. तू मीठ सोडायचीस ना माझ्यासाठी? औषध खारट आहे. मी औषध सोडलं. मीपण व्रत घेतलं होतं."

शेजारच्या खाटेवरच्या आजी सकाळपासून सुनेची गाऱ्हाणी सांगत होत्या, त्या आमच्याकडे वळल्या.

"काय मागितलंस?" मी विचारलं. ओठ थरथरत होते, तिला वाचता येईनात. पुन्हा विचारलं.

"कान. कान राहू देत म्हणून." ती जराशी हसली. "ते तर गेलेच. तरी मी सोडलं नाही. आधी देवासाठी होतं. मग माझ्यासाठी झालं. तो एक दिवस तोंडात ती चव नाही, पोट डबडबत नाही, मिनिटामिनिटाला मोरीकडे पळणं नाही. आई, त्या एका दिवशी मी बाकीच्या मुलींसारखी असायचे. बाटलीतलं मी ओतून द्यायचे. तुला कळू नये म्हणून."

नऊ आणि सतरा, सव्वीस. मी मनात मांडत होते. सतरा वर्षांतला प्रत्येक सातवा दिवस. आणि त्या प्रत्येक दिवशी सकाळी पितळी बटणावर दाबलेला माझा अंगठा.

शेजारच्या आजींनी हात लांब करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. "लेकरं अशीच असतात, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "आणि आया पण." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आम्हाला एकांत द्यावा तसा.

मी पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या दाराशी गेले. त्या हात धुवत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आधी घेतलेली शपथ खोटी होती तेही. शेवटी विचारलं, "त्यामुळेच झालं का हे?"

त्यांनी नळ बंद केला. "त्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. नेमाने औषध घेणाऱ्यांच्याही मूत्रपिंडात चुना साचतो कधीकधी. तिचं पाच वर्षांपर्यंत कळलंच नव्हतं, तेव्हाचंही नुकसान आहे." मग हात पुसत, "त्यामुळे नाही झालं, असंही नाही म्हणू शकत, मावशी."

"किती त्यातलं आमचं?"

"ते मोजता येत नाही."

मोजता येत नाही, म्हणाल्या. मी आयुष्यभर मोजत आलेली बाई. हे मोजता आलं असतं तर कमी असो जास्त असो, मी ते पदरात घेतलं असतं.

"पुढे काय?" मी विचारलं.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि काही न लपवता सांगितलं. जे गेलं ते परत येणार नाही. उरलेलं नेमाने सांभाळलं तर पुष्कळ वर्षं तिथेच टिकू शकतं. दहा, वीस, जास्तही. कदाचित सांभाळूनही हळूहळू खाली जाईल. गेलं तर डायलिसिस, नाहीतर दुसरं मूत्रपिंड. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बघत राहायचं. खडे पुन्हा होतील. पोटॅशियम उतरलं तर पाय पुन्हा उचलता येणार नाहीत, किंवा हृदयालाच धक्का बसेल. "ती अजून तरुण आहे," त्या म्हणाल्या. "एकही दिवस सोडून चालणार नाही."

"माझं मूत्रपिंड चालेल?"

"वेळ आली तर बघू. आत्ता ते नको, आत्ता तुमचं लक्ष हवंय. सातही दिवस."

घरी गेले तेव्हा हे दुकानातून जेवायला आले होते. डोळ्याला भिंग तसंच लावलेलं. ते काढायला हे नेहमी विसरतात आणि मी हसते. त्या दिवशी हसले नाही. पाटावर बसून सगळं सांगितलं. त्यांनी भिंग काढलं. मग म्हणाले, "तुझ्या देवाला गजर खपत नव्हता?"

तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या देवाला कधी नाव ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "देवाने मागितलं नव्हतं. मीच दिलं."

"तू मीठ दिलंस. पोरीने काय दिलं बघ." हे उठले. ताट तसंच होतं. दाराशी जाऊन थांबले आणि पाठ करूनच म्हणाले, "आणि ते बटण मीच बसवलं. मीच, हौसेने. पितळ घासून चकचकीत करून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर बसले तर टाचण्यांच्या ताटलीत ते बटण पडलेलं होतं. पेटीच्या माथ्यावर नुसतं भोक. गजर आता कुणालाच बंद करता येणार नव्हता.

टाचणी घरी आली. तीन-चार दिवस मी तिच्या मागे सावलीसारखी होते. मला तिची क्षमा मागायची होती आणि तिला माझी, आणि दोघींनाही सुरुवात जमत नव्हती. ती पुन्हा कामावर जाणार होती त्याच्या आदल्या दिवशी मी तिची सलवार शिवत होते. तिचा उजवा पाय डाव्याहून अर्धा इंच आखूड आहे. ती दुमड मी दरवेळी न सांगता करते. ती समोर येऊन खाली बसली, माझे ओठ दिसतील अशी.

"आई, तू व्रत मोडणार आहेस?"

"मोडायलाच हवं," मी म्हटलं.

"नको मोडू." ती म्हणाली. "तू माझ्यासाठी गप्प राहायचीस, ते मला आवडायचं. सगळं जग माझ्याशी ओरडून बोलतं. त्या एका दिवशी तू माझ्यासारखी व्हायचीस. घरात कुणालाच काही ऐकू यायचं नाही."

मला हे कधी सुचलं नव्हतं. माझ्या मौनात ती माझ्या शेजारी येऊन बसायची, तासन्‌तास पुस्तकाच्या कडा शिवत. मला वाटायचं, तिला करमत नाही म्हणून बसते.

"पण एक कर," ती म्हणाली. "त्या दिवशी माझा हात बाटलीकडे जात नाही. खरंच सांगते. सतरा वर्षांची सवय आहे. घ्यायचं ठरवते आणि पेला तसाच राहतो. सकाळी, संध्याकाळी तू समोर आहेस. दुपारी नसतेस. त्या दिवशी दुपारी तू ये. ये आणि विचार, 'घेतलंस?' इतर दिवशी विचारतेस तसं."

"मौनात विचारू?"

"आवाज काढू नकोस. मला तसाही कुठे ऐकू येतो?" तिने माझ्या हनुवटीला हात लावला. "नुसते ओठ हलव. देवाला ऐकूही जाणार नाही."

ती हसली, मीही हसले, आणि हसता हसता दोघींचं रडू एकदमच फुटलं. तिच्या रडण्याचा आवाज मोठा. तिला कळत नाही किती मोठा. मी तिला थांबवलं नाही.

"येईन," मी म्हटलं. आणि मग तिला नीट दिसावं म्हणून पुन्हा, सावकाश, "येईन."

आज मौनाचा दिवस.

पहाटे सूर्य उगवायच्या आधी मी दिवा लावला. तोंड बंद व्हायला अजून थोडा वेळ होता, तेवढ्यात देवाला म्हटलं, "आज दुपारी एक शब्द आहे. आधीच सांगून ठेवते. तो मोजायचा तर मोज, माझ्या नावावर मोज. तिच्या नको."

सकाळचा पेला मी माझ्या हाताने दिला. तिने तोंड वेडंवाकडं करत संपवला आणि रिकामा पेला माझ्यासमोर उलटा धरला, लहानपणी धरायची तसा. मग डबा घेऊन गेली. छोटी बाटली मी मुद्दाम तिच्याकडे दिली नाही.

त्यानंतर घर शांत. मी कापड मशीनवर घातलं. जप चालू होता, पण मन भरकटत होतं. अडतीस. ते पुढच्या महिन्यात सदतीस असेल की अडतीसच? परवा रक्त द्यायला जायचं आहे. मी देवाला यापुढे आकडा मागायचा नाही असं ठरवलंय, तरी मन मागतंच.

आणि दुपारी तो गजर झाला. सतरा वर्षांत मौनाच्या दिवशी दुपारी पहिल्यांदाच. सगळं घर हादरलं. शेजारचं मांजर भिंतीवरून पळालं. मी बंद करायला उठले नाही, बंद करायला काही नव्हतंच. तो पूर्ण वाजून आपोआप थांबेपर्यंत मी ऐकत राहिले.

मग मशीनवरचं कापड तसंच सोडलं. छोट्या बाटलीत दोन चमचे औषध आणि पाणी घातलं, झाकण दोनदा तपासलं, फडक्यात गुंडाळलं. देवाजवळचा दिवा वाऱ्याने विझू नये म्हणून खिडकी लावली. दाराशी चपला घालताना मी एकदा ओठ हलवून पाहिले, आवाज न करता. बरोबर हलले.

दार हळूच ओढून घेतलं आणि छापखान्याच्या रस्त्याला लागले.